वडिलांचा रत्नागिरीतील भाड्याने दिलेला फ्लॅट विकताना दोन एजंटांमधला वाद कसा सोडवावा?

खाडीकाठ (धागाकर्ती):

नमस्कार. रत्नागिरीत नाचणे रस्त्यालगत माझ्या वडिलांनी २००९ साली घेतलेला फ्लॅट आहे. निवृत्तीनंतर वडील गावच्या घरी राहायला गेले, तेव्हापासून गेली सात वर्षे तो भाड्यानेच दिलेला आहे. आई आधीच गेली होती आणि वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आता फ्लॅट माझ्या व माझ्या धाकट्या भावाच्या नावे झाला आहे. मी ठाण्यात असते, भाऊ पुण्यात असतो आणि रत्नागिरीला वारंवार जाणे दोघांनाही जमत नाही, म्हणून तो विकायचा आम्ही निर्णय घेतला.

वडिलांच्या वेळेपासून भाडेकरू आणून देणारे एक एजंट आहेत. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. दर नव्या करारामागे ते एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेत आले आहेत. विक्रीचा विचार मी त्यांना फाल्गुनात सांगितला आणि त्यांनी शिमग्याच्या सुट्टीत तीन-चार जणांना घर दाखवले. दरम्यान माझ्या भावाने त्याच्या ओळखीच्या एका दुसऱ्या एजंटाला काम दिले. भावाने हे मला सांगितले होते, पण काकांना सांगायचे आम्हा दोघांकडूनही राहून गेले. ही चूक आमची आहे, हे मी आधीच मान्य करते.

काकांनी घराची किंमत ४२ लाख सांगितली. दुसऱ्या एजंटाने त्याच घराची जाहिरात ३८ लाखांना लावली. लांज्याच्या एका शिक्षक दांपत्याने शिमग्यात काकांबरोबर घर पाहिले होते. तेच दांपत्य गणपतीच्या दिवसांत दुसऱ्या एजंटाबरोबर पुन्हा आले आणि आता घर घ्यायला तयार आहे. काकांचे म्हणणे, “ताई, गिऱ्हाईक माझे आहे.” दुसऱ्याचे म्हणणे, “त्यांना मी तयार केले.” शिवाय काकांनी वडिलांची सही असलेला एक कागद पुढे केला आहे. सदनिका केव्हाही विकल्यास दोन टक्के दलाली त्यांना द्यावी, असे त्यात लिहिले आहे. घराची दुसरी किल्ली काकांकडे असते आणि ती द्यायला ते नकार देतात.

आम्हाला कोणाचीही मेहनत बुडवायची नाही, पण दोघांना मिळून चार टक्के देणे आम्हाला परवडणारे नाही. अशा वेळी रीतसर मार्ग कोणता?

दीपमाळ:

दोन्ही एजंटांची महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) तक्रार करावी. नोंदणी नसेल तर त्यांना दलाली मागण्याचा अधिकारच राहणार नाही.

कौलारू:

मी बरीच वर्षे दिवाणी वकिली केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दीपमाळ यांचा हेतू चांगला आहे, परंतु २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटाला नोंदणीची जी सक्ती आहे, ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातील सदनिकांच्या व्यवहारांसाठी आहे. २००९ साली घेतलेल्या, जुन्या इमारतीतील फ्लॅटच्या पुनर्विक्रीला ती लागू होत नाही. त्या वाटेने गेल्यास वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही.

इथे लागू होतो तो १८७२ चा भारतीय करार अधिनियम आणि त्यातील अभिकर्त्याविषयीची, म्हणजे एजंटाविषयीची, कलमे. कलम २०१ प्रमाणे, ज्याने एजंट नेमला त्याचा मृत्यू झाल्यास ती नेमणूक संपते. वडिलांनी काकांना दिलेले विक्रीचे काम वडिलांबरोबरच संपले. मालक आता तुम्ही भाऊ-बहीण आहात आणि फाल्गुनात तुम्ही काकांशी जे तोंडी बोललात, ती नवी नेमणूक. तिच्यात टक्केवारी ठरलेली दिसत नाही. त्यामुळे जुन्या कागदावरचे दोन टक्के तुम्हाला बांधून ठेवतील, असे मला वाटत नाही. तरीही त्या कागदाची प्रत स्थानिक वकिलाला अवश्य दाखवा, कारण मी तो कागद पाहिलेला नाही आणि त्यातील एखादे वाक्य वेगळा अर्थ देणारे असू शकते.

दुसरे, कलम २१९. वेगळा करार नसेल तर एजंटाचा मोबदला त्याला सोपवलेले काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. नुसते घर दाखवणे म्हणजे काम पूर्ण होणे नव्हे, आणि दुसऱ्याने आणलेल्या गिऱ्हाइकाशी शेवटची बोलणी करणे म्हणजे सगळे काम एकट्याने करणेही नव्हे. तुमच्या प्रकरणात काम दोघांत विभागलेले आहे. म्हणून दलाली एकच धरावी आणि ती विभागावी, हे मला न्याय्य वाटते.

रातांबा:

मी स्वतः कुडाळ परिसरात एजंटाचाच व्यवसाय करतो. कौलारू यांनी सांगितलेला कायदा बरोबर आहे, परंतु आमच्या बाजूचे काही सांगणे मला आवश्यक वाटते. गावोगावी आमचे काम विश्वासावर चालते. शिमगा, मे महिना आणि गणपती या तीन वेळांना मुंबईकर गावी येतात आणि वर्षातले बहुतेक व्यवहार त्या दिवसांत जुळतात. त्या चार-आठ दिवसांसाठी एजंट वर्षभर गिऱ्हाईक सांभाळत असतो. एखादे कुटुंब आज घर पाहते, मग बँकेत चौकशी करते, कर्ज बसते का ते पाहते आणि सहा महिन्यांनी परत येते. तेव्हा ते दुसऱ्याबरोबर आले, तर पहिल्याने केलेले श्रम कोणी मोजायचे?

यावर आमच्याकडे चालणारी पद्धत अशी आहे. घर दाखवायच्या आधी एजंट मालकाला मेसेज करतो: अमुक गावचे, अमुक नोकरीचे कुटुंब उद्या आणतो आहे. मालक “ठीक आहे” एवढेच उत्तर देतो. त्या मेसेजची तारीख हाच पुरावा. दुसऱ्या एजंटाने तेच कुटुंब आणले, तर मालक त्याला तत्काळ कळवतो की हे गिऱ्हाईक आधी नोंदलेले आहे आणि तुम्ही दोघे दलाली वाटून घ्या. ताईंनी गणपतीत हे कळवले असते, तर प्रकरण इथवर आले नसते. शिमग्यातील भेटीची काही नोंद आहे का, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट. काका किल्ली अडवून बसले आहेत, ते केवळ दलालीसाठी नसावे. त्यांचे दुसरे काही देणे थकले आहे का, याची शांतपणे चौकशी करावी. असे मी अनेकदा पाहिले आहे.

अबोली:

एका मुद्द्यावर कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. त्या घरात सध्या कोण राहते आहे? मी चिपळूणमध्ये चार वर्षे भाड्याने राहिले आणि मालकाने घर विकायला काढल्यावर जे सोसले, ते अजून विसरलेले नाही. एकाच रविवारी सकाळी अकराला एक एजंट, दुपारी दोनला दुसरा, आणि संध्याकाळी पहिलाच पुन्हा वेगळी माणसे घेऊन येत असे. माझी मुलगी परीक्षेचा अभ्यास करत असताना तिच्या खोलीतले कपाट उघडून पाहिले गेले. मालकाला फोन केला, तर तो म्हणे, एजंटाशी बोला. एजंटाला सांगितले, तर तो म्हणे, दुसरा आला होता, मी नव्हतो.

भाडेकरूला विचारल्याशिवाय, जवळच्या किल्लीने दार उघडून आत जाण्याचा अधिकार एजंटाला नाही. करार चालू आहे तोवर ते भाडेकरूचे घर आहे. आठवड्यातले दोन दिवस आणि ठरावीक वेळ नेमून द्यावी आणि आदल्या दिवशी कळवावे. हे दोन्ही एजंटांना लेखी सांगावे.

खाडीकाठ (धागाकर्ती):

सर्वांचे आभार. अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून मी त्याच संध्याकाळी भाडेकरूला फोन केला. त्या रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि आलटून-पालटून रात्रपाळी करतात. फोनवर त्या प्रथम संकोचल्या, नंतर म्हणाल्या, “ताई, रात्रपाळी करून मी सकाळी नऊला झोपते आणि दहाला दार वाजते.” मला फार वाईट वाटले. त्यांचा ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार डिसेंबरअखेर संपतो. त्यांना नेमके कधी घर सोडावे लागेल, हेही आम्ही कोणी त्यांना सांगितले नव्हते. दोन एजंटांनी दोन वेगळ्या तारखा सांगितल्या होत्या.

रातांबा यांचा अंदाजही खरा ठरला. वडील गेल्यानंतर दोन पावसाळ्यांत काकांनी पश्चिमेच्या खिडकीवरची पत्र्याची छपरी बदलून घेतली होती, गिझर दुरुस्त केला होता आणि नळजोडणीचे काम करून घेतले होते. मिळून ६,४०० रुपये त्यांच्या खिशातून गेले. पावत्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांनी ते पैसे मागितले नाहीत आणि आम्ही विचारले नाही.

परंतु आज एक नवीनच गोष्ट समोर आली. दुसऱ्या एजंटाने त्या शिक्षक दांपत्याकडून ५०,००० रुपये रोख घेतले आहेत. वहीच्या रेघी कागदावर ‘घरमालकांतर्फे टोकन मिळाले’ असे लिहून खाली स्वतःची सही केली आहे. त्या बाईंनी मला कागदाचा फोटो पाठवला, तेव्हा मला कळले. या दांपत्याशी आमचा भाव अजून ठरलेलाच नव्हता.

कौलारू:

हे तातडीने निस्तरावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. व्यवहार पुढे झाला किंवा न झाला तरी हा नियम लागू होतो आणि स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. कागदावर ‘घरमालकांतर्फे’ असे लिहिलेले आहे, म्हणून तुम्ही गप्प राहणे धोक्याचे आहे.

आजच एजंटाला आणि खरेदीदारांना दोघांनाही लेखी कळवा की अशी रक्कम स्वीकारण्याचा अधिकार तुम्ही कोणालाही दिलेला नाही, ती तुम्हाला मिळालेली नाही आणि एजंटाने ती खरेदीदारांना परत करावी. परत केल्याची पोच खरेदीदारांकडून घ्या. पुढे विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घ्यायचा झाल्यास तो तुम्हा दोघांच्या खात्यात, बँकेमार्फत, विसारपावती लिहून घ्या. या एजंटाला पुढे ठेवायचे की नाही, हा तुमचा प्रश्न आहे, पण सोपवलेल्या कामात एजंटाने गैरवर्तन केले तर त्या भागाचा मोबदला त्याला मागता येत नाही, असे कलम २२० सांगते. हे त्यालाही माहीत असू द्यावे.

दीपमाळ:

महारेराबद्दल माझी समजूत चुकीची होती, दुरुस्तीबद्दल कौलारू यांचे आभार. एक विचारतो. वादच नको म्हणून एका एजंटाला “आमच्या हातात ३८ लाख द्या, वरचे सगळे तुमचे” असे सांगितले तर?

रातांबा:

कृपया असे करू नका. ही पद्धत आमच्या भागात सर्रास चालते आणि बहुतेक वाद तिच्यातूनच निघतात. “वरचे माझे” म्हटले की मालकाला चांगला भाव मिळवून देण्यात एजंटाला रस उरत नाही. त्याचा रस खरेदीदाराला खरा भाव कळू न देण्यात असतो. मग खरेदीखतात एक रक्कम, प्रत्यक्षात दुसरी आणि मधले रोखीने, असे वळण लागते. दोन एजंट असतील तर दोघेही खरेदीदाराला वेगवेगळ्या किमती सांगतात. ताईंच्या घराचे ४२ आणि ३८ असे दोन भाव बाहेर गेले, त्याचे मूळही असल्याच कशात तरी असेल.

खरेदीदार आता मनात ३८ धरूनच बसला असेल. तरी भाव सावरता येतो. दोन्ही जाहिराती उतरवून मालकांनी स्वतःच्या तोंडून एकच किंमत सांगावी.

सुरंगी:

किमतीविषयी थोडे लिहिते. मालवणमधील आमचे घर विकताना आमचाही दोन एजंटांशी वाद झाला होता आणि तो नुसता दलालीचा नव्हता, हंगामाचाही होता. एकाचे म्हणणे, गणपतीत चाकरमानी येतात, तेव्हाच दाखवा. दुसऱ्याचे म्हणणे, पावसात घर दाखवू नका, दिवाळीनंतर रंग लावून दाखवा. दोघांचेही म्हणणे खरे होते. भाद्रपदात माणसे येतात, पण त्याच वेळी पश्चिमेच्या भिंतीला ओल आलेली असते, रंगाला फुगे आलेले असतात, गच्चीवर शेवाळ असते. खारे वारे लागून खिडकीच्या बिजागऱ्या गंजलेल्या असतात. खरेदीदार भिंतीला हात लावतो, हाताला पांढरी भुकटी लागते आणि भाव दोन लाखांनी खाली येतो.

आम्ही भाद्रपदातच घर दाखवले आणि ओल आहे हे स्वतःहून सांगितले. दुरुस्तीचा अंदाज गवंड्याकडून लेखी घेऊन ठेवला होता. त्यामुळे घासाघीस त्या अंदाजाच्या आकड्याभोवतीच झाली. रंग लावून ओल झाकलेले घर पुढच्या आषाढात खरेदीदाराला दिसतेच, आणि तेव्हा त्याचा फोन एजंटाला जात नाही, मालकाला येतो.

खाडीकाठ (धागाकर्ती):

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या.

प्रथम भावाशी बोलले. यापुढे एजंटांशी आणि खरेदीदारांशी बोलण्याचे काम मी एकटीने करायचे आणि प्रत्येक निर्णय त्याला मेसेजवर कळवून त्याची संमती घ्यायची, असे आम्ही ठरवले. दोन मालकांनी दोन माणसांना दोन गोष्टी सांगणे, इथूनच सगळा गोंधळ सुरू झाला होता.

त्यानंतर मी रत्नागिरीला गेले. आधी काकांच्या घरी गेले, पावत्या पाहिल्या आणि ६,४०० रुपये त्यांच्या खात्यावर पाठवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबा असते तर त्याच महिन्यात दिले असते.” मी क्षमा मागितली. वडिलांच्या कागदाविषयी मी तिथल्या वकिलांचे मत घेतले होते. ते कौलारू यांनी लिहिल्याप्रमाणेच निघाले, पण तो मुद्दा काकांपुढे ताणून धरण्याची गरजच पडली नाही. त्यांच्या फोनमध्ये शिमग्यातला मला पाठवलेला मेसेज सापडला: ‘लांज्याचे सर-बाई, उद्या ११ वाजता.’ त्यावर माझे ‘हो’ होते. मी तो विसरूनच गेले होते.

दुसऱ्या एजंटाने टोकनची रक्कम परत केली आणि खरेदीदारांनी तशी पोच दिली. तो तरुण आहे. टोकन घेतल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून घेतले, असे त्याने सांगितले. मी ते कारण मान्य केले नाही, पण त्याने खरेदीदारांच्या बँक कर्जासाठी केलेली धावपळ खरी होती. सोसायटीकडून कागद मिळवणे, वडिलांच्या खरेदीखताची प्रमाणित प्रत काढणे, बँकेच्या वकिलाला सर्च रिपोर्टसाठी (मालकी तपासणीच्या अहवालासाठी) लागणारी माहिती पुरवणे, हे सर्व त्याने केले होते. म्हणून त्याला काढून टाकणे मला योग्य वाटले नाही.

काकांच्या ओटीवर आम्ही तिघे बसलो आणि एक पानाचा कागद लिहिला. किंमत ४० लाख, ती फक्त मालक कमी करतील. आमच्या बाजूची दलाली एकूण एक टक्का, दोघांना निम्मी-निम्मी, खरेदीखताची नोंदणी झाल्यावर बँकेमार्फत. खरेदीदाराकडून कोण किती घेणार, तेही आम्हाला कळले पाहिजे, असे मी लिहून घेतले. कोणीही मालकांच्या नावाने पैसे घ्यायचे नाहीत. हा व्यवहार न जुळल्यास पुढील तीन महिने दोघांनीही आधी दाखवलेल्या माणसांची यादी माझ्याकडे राहील. घर फक्त बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी पाच ते सात दाखवायचे, तेही भाडेकरूला आदल्या दिवशी विचारून. दुसरी किल्ली काकांनी माझ्या हातात दिली आणि मी ती भाडेकरूच्या हातात दिली.

खरेदीदारांना ओलीची भिंत मी स्वतः दाखवली. भाव ३९ लाखांवर ठरला. विसार आमच्या दोघांच्या खात्यात निम्मा-निम्मा आला असून विसारपावतीत लिहिले आहे की भाडेकरूचा करार संपल्यावर, जानेवारीत, घराचा ताबा दिला जाईल आणि भाडेकरूची ३०,००० रुपयांची अनामत आम्ही परत करू.

अबोली:

भाडेकरूला हे लेखी दिले आहे का? खरेदीदाराने मध्येच घाई केली, तर तिला त्रास व्हायला नको.

खाडीकाठ (धागाकर्ती):

होय. तारीख, अनामत परत करण्याचा दिवस आणि विजेच्या शेवटच्या बिलाचा हिशेब, हे सर्व सहीनिशी दिले आहे. तिला जवळपास दुसरी खोली शोधून देण्याचे काम काकांनी अंगावर घेतले आहे आणि त्यासाठी ते तिच्याकडून दलाली घेणार नाहीत.

दीपमाळ:

एक शेवटचा प्रश्न. दलालीची रक्कम करात कुठे धरता येते का?

कौलारू:

धरता येते. विक्रीसाठीच झालेला खर्च म्हणून ती विक्रीच्या किमतीतून वजा होते आणि उरलेल्या रकमेवर भांडवली नफा काढला जातो. त्यासाठी दोघांच्याही पावत्या आणि बँकेची नोंद जपून ठेवावी. फ्लॅट वारसाहक्काने आलेला असल्यामुळे वडिलांची खरेदीची किंमत आणि त्यांनी तो बाळगलेली वर्षे दोन्ही धरली जातात. नफ्यावर महागाई निर्देशांकाशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह वीस टक्के, यांतील कमी पडेल तो कर, असा पर्याय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तींना आहे. २००९ ची खरेदी असल्याने दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. किंमत ५० लाखांच्या आत असल्याने खरेदीदारांना एक टक्का कर कापण्याची गरज नाही, हे त्यांच्या बँकेलाही सांगावे, कारण तिथे कधी कधी उगाच कागद अडतो.

खाडीकाठ (धागाकर्ती):

नोंद घेतली. दोघांनाही पावतीपुस्तकातली पावती द्यायला सांगितले आहे. काकांकडे पावतीपुस्तक नव्हते, ते त्यांनी काल बाजारातून आणले.